खरा मनुष्य आणि त्याची साक्ष

मनुष्य प्रामाणिक आहे, खोटें बोलणारा नाहीं, खोटें बोलून त्याला कांहीं मिळावयाचेंही नाहीं. आणि तो शपथेवर असें कांहीं सांगतो कीं, जें मान्य करणें आपल्या बुद्धीला जड जातें. अशा वेळीं आपण काय करावें? त्याचें म्हणणें स्वीकारलें तर आपण भोळे ठरतों. नाकारलें तर त्याला तोंडावर लबाड म्हटल्यासारखें होतें. हा प्रश्न न्यायाधीशापुढें येतो, गांवच्या पंचांपुढें येतो, आणि ज्याच्याकडे लोक आपल्या मनांतली गोष्ट घेऊन येतात त्या पाळकापुढें तर वारंवार येतो. आज तो आम्ही एका चमत्कारिक विषयाच्या आधारें वाचकांपुढें मांडीत आहों. तो विषय म्हणजे आकाशांतील उडत्या तबकड्या, व त्यांत बसून दुसऱ्या ग्रहांवरून कोणी पाहुणे आपल्या पृथ्वीवर येतात ही समजूत.

हा विषय अमेरिकेंतल्या रिकामटेकड्या लोकांचा, आमच्या खेड्यांतल्या मंडळ्यांना त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण आतां तसें राहिलें नाहीं. रात्रीं पिकाच्या राखणीला गेलेला तरुण मोबाईलवर ह्याच गोष्टी पाहत असतो, आणि रविवारीं उपासनेनंतर दाराशीं थांबून विचारतो, "पाळकसाहेब, हें खरें काय?" शिवाय आकाशही पूर्वीचें राहिलेलें नाहीं. २०१९ च्या मे महिन्यापासून स्टारलिंक नांवाचे उपग्रह घोळक्यांनीं सोडण्यांत येऊं लागले. सोडल्यानंतरचे पहिले कांहीं दिवस ते दिव्यांच्या माळेसारखे एका ओळींत जातांना दिसतात. ज्यानें ह्याविषयीं पूर्वीं ऐकलेलें नाहीं तो दचकला तर त्यांत नवल काय?

आमच्या महाराष्ट्रांतलीच एक गोष्ट पुष्कळांच्या स्मरणांत असेल. २०२२ च्या एप्रिलची २ तारीख, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळीं आठच्या सुमारास विदर्भांत व इतरत्र लोकांना आकाशांतून जळत जाणारे लोळ दिसले. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी ह्या गांवीं धातूचें एक भलें मोठें कडें पडलेलें सांपडलें, आणि पुढें आसपास धातूचे गोळेही सांपडले. चीनच्या लाँग मार्च जातीच्या अग्निबाणाचा एक भाग वातावरणांत शिरून जळाला, त्याचे हे अवशेष असावे, असें जाणकारांनीं सांगितलें. लाडबोरीच्या लोकांनीं जें पाहिलें तें खरेंच होतें. आणि सुदैवानें वस्तूच त्यांच्या हातीं लागली, म्हणून त्यांना कोणी वेड्यांत काढलें नाहीं. पण जेथें वस्तु हातीं लागत नाहीं, नुसता मनुष्याचा शब्द हातीं लागतो, तेथें काय?

अशी एक साक्ष आहे. ती कोणा गप्पिष्टाची नव्हे. एका मिशनरी पाळकाची व त्याच्या खेड्यांतल्या मंडळीची आहे. म्हणून ती येथें सविस्तर देणें आम्हांस योग्य वाटतें.

न्यू गिनी बेटाच्या पूर्व टोंकाकडे, समुद्राच्या कांठीं, बोयानाई नांवाचें गांव आहे. हल्लीं तो प्रदेश पापुआ न्यू गिनी ह्या स्वतंत्र देशांत मोडतो. १९५९ सालीं तेथें ऑस्ट्रेलियाचा अंमल होता. त्या गांवीं अँग्लिकन मिशनचें ठाणें असून रेव्हरंड विल्यम गिल हे त्याचे प्रमुख होते. त्या वर्षीं त्या किनाऱ्यावर ठिकठिकाणीं आकाशांत विचित्र दिवे दिसल्याच्या बातम्या येत होत्या. गिल साहेबांचा त्यांवर विश्वास नव्हता. एका पाळक मित्राला लिहिलेल्या पत्राखालीं त्यांनीं थट्टेनें 'संशयी विल्यम' अशी सही केली होती. म्हणजे शुभवर्तमानांतल्या थोमाचें बिरुद त्यांनीं आपल्यास लावून घेतलें होतें. आणि लागलीच त्यांच्यावर स्वतः साक्षीदार होण्याची पाळी आली.

तो २६ जून, शुक्रवारचा दिवस होता. संध्याकाळीं पावणेसातच्या सुमारास गिल साहेब घराबाहेर आले, तों पश्चिमेकडे शुक्राचा तारा दिसला, आणि त्याच्या वरच्या बाजूस आणखी एक तेजस्वी प्रकाश दिसला. तो खालीं उतरूं लागला तेव्हां एखादें वाटोळें यंत्र असावें तसा त्याचा आकार भासला, आणि त्याच्या माथ्यावर मनुष्यासारख्या आकृति हालचाल करितांना दिसल्या. हांकाहांक झाली; एकूण अडतीस माणसें जमलीं. त्यांत शिक्षक होते, दवाखान्यांत काम करणारे होते, बायामुलें होतीं. गिल साहेब वेळ पाहून टिपणें करीत होते. पुढें जी हकीगत लिहिली गेली तिच्यावर पंचवीस जणांनीं सह्या केल्या. दुसऱ्या दिवशीं, शनिवारीं, अजून उजेड असतांनाच तें पुन्हा दिसलें. गिल साहेबांनीं हात वर करून हालविला. वरच्या एका आकृतीनेंही तसेंच केलें असें त्यांना दिसलें. एका शिक्षकानें दोन्ही हात हालविले, तेव्हां वरून दोघांनीं हालविले. अंधार पडूं लागल्यावर विजेची बत्ती दाखविण्यांत आली, खालीं उतरा म्हणून खुणा करण्यांत आल्या. पण कोणी उतरलें नाहीं.

ही हकीगत प्रसिद्ध झाल्यावर ऑस्ट्रेलियाच्या विमानदलानें चौकशी केली, आणि त्यांतले कांहीं दिवे ग्रहांचे होते व राहिलेला प्रकार ढगांवर पडलेल्या प्रकाशाचा असावा, असा निकाल दिला. हार्वर्ड विद्यापीठाचे विद्वान ज्योतिर्विद डोनाल्ड मेंझेल ह्यांनीं निराळा खुलासा सुचविला. गिल साहेबांची दृष्टि अधू, त्यांनीं चष्मा घातला नसावा, आणि शुक्राचा ताराच त्यांना पसरट दिसून त्यांत आकृति भासल्या असाव्या. इतर साक्षीदारांविषयीं त्यांचा रोख असा कीं, तीं माणसें आपल्या मिशनरीच्या शब्दाबाहेर जाणारीं नव्हतीं. तो जें म्हणाला तें त्यांनीं म्हटलें. ह्यावर गिल साहेबांचें उत्तर सरळ होतें. चष्मा डोळ्यांवर होता, आणि शुक्र आपण निराळा ओळखला होता.

येथें आम्हांस थोडें थांबणें भाग आहे. दूर विद्यापीठांत बसून, साक्षीदारांना डोळ्यांनींही न पाहतां, पंचवीस सह्यांची किंमत एका वाक्यांत शून्य करणें हें आम्हांस रुचलें नाहीं. खेड्यांतला ख्रिस्ती मनुष्य साहेबाचा पोपट, त्याला स्वतःचे डोळे नाहींत, हा आरोप आमच्या देशांतल्या मंडळ्यांनींही पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. आमच्या आजोबांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां शेजाऱ्यांनीं हेंच म्हटलें होतें. पण राग बाजूस ठेवून बोलावयाचें तर मेंझेल साहेबांच्या म्हणण्यांत एक खडा सत्याचा आहे, आणि तो पाळकांनीं गिळून टाकूं नये. पाळकानें बोट दाखवून "तो पाहा तारा" म्हटलें, तर मंडळींतल्या पुष्कळांना ढगाळलेल्या आकाशांतही तारा दिसतो! अडतीस जणांनीं एका ठिकाणीं उभें राहून, एकमेकांचें ऐकत, जें पाहिलें ती अडतीस निरनिराळ्या साक्षींची बेरीज होत नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत दोन किंवा तीन साक्षीदारांचें बंधन घातलें आहे, त्याचा हेतु नुसती डोकीं मोजणें हा नसून एकाचें म्हणणें दुसऱ्याच्या म्हणण्यावर ताडून पाहणें हा आहे. त्या अडतीस जणांना त्याच रात्रीं वेगवेगळें बसवून कोणी विचारलें असतें तर आज आपल्या हातीं कांहीं भक्कम असतें. अमेरिकेच्या विमानदलाचे सल्लागार असलेले ज्योतिर्विद हायनेक हे बोयानाईला जाऊन साक्षीदारांना भेटले खरे, पण तोंवर चौदा वर्षें लोटलीं होतीं.

मग गिल साहेब खरे कीं खोटे? हा प्रश्नच चुकीचा मांडला आहे असें आमचें मत आहे. कोणत्याही साक्षींत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: डोळ्यांना काय दिसलें ही एक, आणि मनानें त्याला कोणतें नांव दिलें ही दुसरी. प्रामाणिकपणाचें बळ पहिल्या गोष्टीपुरतें असतें. दुसरीसाठीं प्रामाणिकपणा पुरत नाहीं. तेथें ज्ञान लागतें, आणि पुष्कळदां दैवही अनुकूल असावें लागतें. गिल साहेबांचा मोठेपणा हा कीं, त्यांनीं ह्या दोन गोष्टी स्वतःच वेगळ्या ठेविल्या. आकृति दिसल्या असें ते म्हणाले. परग्रहावरचे पाहुणे आले असें त्यांनीं म्हटलें नाहीं. उलट, त्या वेळीं हें मनुष्यांचेंच, बहुधा अमेरिकेचें, कांहीं नवें यंत्र असावें असें आपणांस वाटलें, असें त्यांनीं पुढें सांगितलें. परग्रहाचा शिक्का नंतर इतरांनीं मारला.

प्रेषितांच्या कृत्यांत लुस्त्र गांवची गोष्ट आहे ती वाचकांनीं ह्या दृष्टीनें पुन्हा वाचावी. जन्मापासून पांगळा असलेला मनुष्य उठून चालूं लागला, हें तेथल्या लोकांनीं पाहिलें. त्यांचे डोळे खोटे नव्हते. पण त्यावरून देव माणसांच्या रूपानें आपल्यांत उतरले असें त्यांनीं ठरविलें, पौल व बर्णबा ह्यांना आपल्या देवांचीं नांवें दिलीं, आणि बैल व हार घेऊन यज्ञ करावयास धांवले. दृष्टि बरोबर, नांव चुकीचें. आकाशांतून पाहुणे आले असें मानण्याची मनुष्याची आवड किती जुनी आहे हेंही त्यावरून दिसतें. आणि तेच लोक पुढें पौलाला दगडमार करणाऱ्यांत सामील झाले, हें विसरूं नये.

नांव चुकलें म्हणजे पुढें दृष्टीही कशी चुकूं लागते ह्याचें उदाहरण ह्या तबकड्यांच्या जन्मकथेंतच आहे. १९४७ च्या जूनची २४ तारीख. केनेथ आर्नल्ड नांवाचा एक अमेरिकन व्यापारी स्वतःचें लहान विमान घेऊन वॉशिंग्टन संस्थानांतल्या रेनियर पर्वताजवळून जात असतां त्याला नऊ चकचकीत वस्तु अतिशय वेगानें जातांना दिसल्या. वर्तमानपत्रवाल्यांना त्यानें त्यांची चाल समजावून सांगितली कीं, पाण्यावर बशी फेंकली असतां जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या. आमच्याकडे मुलें तळ्यांत चपटी ठिकरी फेंकून तिच्या उड्या मोजतात, तसाच हा प्रकार. बशी हें वर्णन चालीचें होतें. आकार त्यानें निराळा सांगितला होता. पण छापतांना 'उडत्या बशा' असें झालें, आणि मग काय, देशभर लोकांना बशीच्याच आकाराच्या वस्तु दिसूं लागल्या! हे सगळे लोक खोटारडे होते काय? नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढें शब्द अगोदर जाऊन बसला होता. वार्ताहराच्या एका शब्दाची जबाबदारी किती मोठी, ह्याचा विचार आम्हां लिहिणारांनीं तरी करावा.

आतां दुसऱ्या बाजूचा दोष सांगितला पाहिजे, नाहीं तर हा लेख भाबड्या लोकांनाच बोल लावणारा होईल. लोकांचा विश्वास वाढला तो पुष्कळ अंशीं सरकारच्या लपवालपवीमुळें. त्याच १९४७ च्या जुलैंत न्यू मेक्सिकोंतील रॉझवेल येथें एका कुरणांत कांहीं मोडतोड सांपडली. लष्करानें प्रथम 'उडती तबकडी हातीं लागली' असें जाहीर केलें, आणि लगेच फिरवून तो हवामानाचा फुगा असल्याचें सांगितलें. १९९४ सालीं, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनीं, विमानदलानें कबूल केलें कीं, रशियाच्या अणुस्फोटांचा आवाज उंच हवेंत टिपण्यासाठीं सोडलेल्या 'मोगल' नांवाच्या गुप्त योजनेंतले फुगे ते होते. पुढें १९५५ पासून यू-२ हीं हेरगिरीचीं विमानें साठ हजार फुटांवरून उडूं लागलीं. खालीं अंधार झाला असतां वर त्यांच्या पंखांवर मावळतीचा सूर्य चमके, आणि प्रवासी विमानांचे चालक चकित होऊन तक्रारी लिहीत. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानें १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत, त्या काळच्या अशा बातम्यांपैकीं अर्ध्याहून अधिकांचें मूळ ह्या गुप्त उड्डाणांत होतें, असा तेथल्या अधिकाऱ्यांचा अंदाज दिला आहे. हा अंदाज फुगविलेला आहे असें म्हणणारेही आहेत. पण एवढें निश्चित कीं, कित्येक प्रामाणिक माणसांनीं खरें विमान पाहिलें, खरें सांगितलें, आणि ज्यांना खरें ठाऊक होतें त्यांनीं त्यांना हवेंतला भास झाला म्हणून परत पाठविलें. देशाच्या रक्षणासाठीं गुपित ठेवावें लागतें हें आम्ही समजतों. गुपित राखणें निराळें आणि खऱ्या साक्षीदाराला त्याच्याच डोळ्यांविषयीं खोटें सांगणें निराळें. ह्या दुसऱ्या कृत्यानें त्या मनुष्याची अब्रू जाते. आणि पुढें सरकार खरें बोललें तरी त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

विमानदलानें १९६९ पर्यंत १२,६१८ बातम्या तपासल्या, त्यांतल्या ७०१ उलगडल्या नाहींत. ह्या ७०१ वर मोठमोठे इमले रचले गेले आहेत. पण 'उलगडली नाहीं' ह्याचा अर्थ 'परग्रहावरून आली' असा कोणत्या तर्कशास्त्रांत होतो? गांवांत चोरी झाली, चोर सांपडला नाहीं, म्हणून ती भुतानें केली असें पोलीसपाटील लिहीत नाहीं.

साक्षीचा तिसरा एक प्रकार आहे, तो म्हणजे ऐकीव साक्ष. २६ जुलै २०२३ रोजीं अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीपुढें डेव्हिड ग्रश ह्या माजी लष्करी अधिकाऱ्यानें शपथेवर सांगितलें कीं, मनुष्येतरांनीं बनविलेलीं यानें सरकारनें लपवून ठेविलीं आहेत. जगभर खळबळ उडाली. परंतु हीं यानें त्यानें स्वतः पाहिलीं नव्हतीं. चाळिसांहून अधिक लोकांशीं बोलून आपण हें जाणलें असें त्याचें म्हणणें होतें. संरक्षण खात्यानें ह्या गोष्टीचा इन्कार केला, आणि मार्च २०२४ मध्यें त्या खात्याच्या चौकशी कचेरीनें जुने दप्तर तपासून परग्रहावरील यानांचा कांहीं पुरावा नसल्याचें जाहीर केलें. नासाच्या स्वतंत्र समितीनेंही सप्टेंबर २०२३ मध्यें तेंच सांगितलें होतें. ज्या खात्यांनीं पूर्वीं लपविलें त्यांच्या इन्कारावर कां विसंबावें, असें कोणी विचारील, आणि तें विचारणें रास्त आहे. पण ग्रश ह्यांच्या शपथेनें काय सिद्ध होतें? एवढेंच कीं, त्यांना लोकांनीं तसें सांगितलें. शपथ ही सांगणाऱ्याला बांधते. ज्यानें त्याच्या कानांत सांगितलें त्याला ती बांधीत नाहीं.

येथवर आम्ही प्रामाणिक माणसांविषयीं बोललों. जे प्रामाणिक नव्हते त्यांच्यासाठीं फार जागा खर्चणें नको. जॉर्ज ॲडम्स्की नांवाच्या गृहस्थानें १९५२ सालीं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत शुक्रावरच्या मनुष्याला भेटल्याचें सांगितलें व त्यावर पुस्तकें खपविलीं. दहा वर्षांनीं मरिनर-२ हें यान शुक्राजवळून गेलें. तेथें शिसें वितळण्याइतकी उष्णता आहे हें आतां शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे.

परंतु 'हेवन्स गेट' ह्या पंथाची गोष्ट टाळतां येत नाहीं, कारण ती आपल्या घराच्या फार जवळची आहे. त्याचा पुढारी मार्शल ॲपलव्हाइट हा एका प्रेस्बिटेरियन पाळकाचा मुलगा होता, आणि स्वतःही कांहीं काळ धर्मशिक्षण घेत होता. प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायांत ज्या दोन साक्षीदारांचा उल्लेख आहे ते आपण व आपली सहकारिणी, असें तो शिकवूं लागला. मेघांत वर घेतलें जाणें म्हणजे आकाशयानांत चढणें असा त्यानें अर्थ लावला. १९९७ सालीं हेल-बॉप हा तेजस्वी धूमकेतु दिसत असतां, त्याच्या मागोमाग आपल्याला न्यावयास यान येत आहे अशी त्यांची खात्री झाली. तें यान पाहण्यासाठीं त्यांनीं एक उत्तम दुर्बीण विकत घेतली, आणि तिच्यांत यान दिसलें नाहीं म्हणून ती परत केली, असें सांगतात. मार्च महिन्यांत त्या पुढाऱ्यासह एकोणचाळीस जणांनीं प्राण दिले. हे मूर्ख लोक नव्हते. सभ्य, मेहनती, आपसांत प्रेमानें राहणारे होते. दुर्बिणीपेक्षां एका मनुष्याचा शब्द त्यांना अधिक खरा वाटला. जो कोणी लोकांपुढें उभा राहून देवाच्या नांवानें बोलतो त्यानें हें वाचून रात्रीं स्वस्थ झोंप घ्यावी असें आम्हांस वाटत नाहीं.

मग परग्रहांवर जीव आहेत कीं नाहींत? हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याची आम्हांस भीति वाटत नाहीं. १९९५ पासून सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्यांभोंवतीं फिरणारे ग्रह सांपडूं लागले. त्यांची संख्या आज सहा हजारांवर गेली आहे. निर्माणकर्त्यानें आपलें सारें औदार्य ह्या एकाच गोळ्यावर खर्चिलें असें शास्त्रांत कोठें लिहिलेलें नाहीं. पण जीव असणें आणि त्यांनीं आपल्या शेतावर उतरणें ह्यांत अंतर आहे, आणि तें अक्षरशः अंतर आहे. १९७७ सालीं निघालेलें व्हॉयेजर-१ हें यान सेकंदाला सुमारें १७ किलोमीटर वेगानें जात आहे. त्या वेगानें सर्वांत जवळच्या ताऱ्याइतकें अंतर तोडावयास सत्तर हजारांहून अधिक वर्षें लागतील.

जपून साक्ष द्यावयाची म्हणजे कशी, हें पाहावयाचें असेल तर आमच्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर ह्यांच्याकडे पाहावें. पृथ्वीबाहेरून सूक्ष्म जीव येत असावेत ह्या विचाराकडे त्यांचा ओढा होता. २००५ च्या एप्रिलमध्यें इस्रोच्या साहाय्यानें हैदराबादेहून मोठा फुगा सोडून वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करण्यांत आली. हैदराबाद व पुणें येथल्या प्रयोगशाळांत ती तपासतां बारा प्रकारच्या जिवाणूंच्या व सहा प्रकारच्या बुरशींच्या वसाहती मिळाल्या, आणि त्यांतले तीन जिवाणू पूर्वीं कोणास ठाऊक नसलेले निघाले. २००९ सालीं हें जाहीर करितांना इस्रोनें स्पष्ट लिहिलें कीं, हे जीव पृथ्वीबाहेरूनच आले असें ह्यावरून निश्चित ठरत नाहीं. किती मोह झाला असेल! हवें असलेलें उत्तर दाराशीं येऊन उभें असतां त्याला बाहेर थांबविणें हें सोपें नाहीं. नारळीकर २०२५ सालीं निवर्तले. ते आमच्या श्रद्धेचे नव्हते, पण ह्या एका गुणापुरतें त्यांच्याकडून शिकण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.

आतां सर्वांत कठीण भाग. एका तरुणानें आम्हांस विचारलें, "साहेब, बोयानाईच्या अडतीस जणांचें तुम्ही मानीत नाहीं; मग प्रेषितांचें कां मानतां? तेही प्रामाणिकच होते ना?" मंडळींतल्या कांहीं वडील माणसांना हा प्रश्न उद्धट वाटला. आम्हांस तो योग्य वाटला. पिशवींत दोन प्रकारचीं वजनें ठेवूं नयेत असें नियमशास्त्रच सांगतें. दुसऱ्याचा माल घेतांना जड वजन आणि आपला विकतांना हलकें, हें देवाला चालत नाहीं.

म्हणून प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, 'प्रेषित खरे मनुष्य होते, म्हणून पुनरुत्थान सिद्ध झालें' असें जे उपदेशक म्हणतात त्यांचा पुरावा तोकडा आहे. खरेपणा साक्षीच्या पहिल्या भागापुरता पुरतो, हें वर आम्हीच म्हटलें. थोमानेंही हेंच ओळखलें होतें. दहा मित्रांच्या शब्दावर त्यानें मान्य केलें नाहीं, आणि प्रभूनें त्याला त्याबद्दल मंडळींतून घालविलें नाहीं, हात पुढें केला. पौल करिंथकरांना लिहितांना पांचशेंहून अधिक बंधूंचा दाखला देतो तेव्हां त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत हें मुद्दाम सांगतो. म्हणजे जा आणि विचारा. तपासणीला भिणारा साक्षीदार असें बोलत नाहीं. तरीपण एवढ्यानें त्या तरुणाचें समाधान व्हावें अशी आमची अपेक्षा नव्हती, आणि झालेंही नाहीं. आम्हीं त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. आकाशांत दिवा पाहिल्याची साक्ष ऐकणाऱ्याकडून कांहीं मागत नाहीं; तो मानो न मानो, उद्यां त्याचें शेत तेंच आणि शेजाऱ्याशीं वैर तेंच. प्रेषितांची साक्ष ऐकणाऱ्याकडून त्याचें सारें आयुष्य मागते, आणि तें देऊं लागल्यावरच ती खरी कीं खोटी हें त्याला आंतून कळूं लागतें. ह्यावर तो लगेच म्हणाला, "ॲपलव्हाइटनेंही आयुष्यच मागितलें होतें." खरें आहे. म्हणून, मागितलेलें आयुष्य कशासाठीं खर्चावयास सांगितलें, भुकेल्यासाठीं, आजाऱ्यासाठीं, वैऱ्यासाठीं, कीं ह्या सर्वांना मागें टाकून निघून जाण्यासाठीं, हेंही पाहावें लागतें. तो तरुण अजून विचार करीत आहे. त्याची आम्हांस घाई नाहीं.

बोयानाईची एक गोष्ट सांगावयाची राहिली. दुसऱ्या संध्याकाळीं, तें यंत्र आकाशांत दिसत असतांनाच, गिल साहेब जेवावयास आंत गेले. सात वाजतां तें अजून होतें, पण लहान दिसत होतें. आणि मग संध्याकाळच्या उपासनेची वेळ झाली म्हणून ते व त्यांची मंडळी देवळांत गेली. टीकाकार ह्यावर हंसतात. खरोखर असें कांहीं दिसत असतें तर कोणी प्रार्थनेला गेला असता काय, असें म्हणतात. खेड्यांतल्या पाळकाला ह्यांत अशक्य कांहीं वाटावयाचें नाहीं. वेळ झाली, लोक येऊन बसले, म्हणजे पाळक आंत जातो. पावणेआठला उपासना आटोपून ते बाहेर आले तेव्हां सारें आकाश ढगांनीं भरून गेलें होतें.